आगोटीतल्या गोळ्या

अक्का, तुझ्या यशोदेशी मी खोटं बोलले. तेराव्याचं सगळं आवरलं, पाहुणे आपापल्या वाटेला लागले आणि ती एकटीच माजघरात तुझ्या बरण्या पुसत बसली होती. लोणच्याच्या बरणीशेजारची ती लहान पांढरी बरणी तिनं उचलली, तोंडाचा फडका सोडला आणि आत बघत राहिली. मग मला हाक मारली. "काकी, आयेच्या गोळ्या तर अर्ध्याच्या वर शिल्लक हायत. औषध घरात असताना आये गेली कशी?"

मी म्हटलं, "विसरत असेल गं घ्यायला. लावणीचे दिवस, कामाचा रगाडा."

तू आणि विसरणार! उन्हात टाकलेल्या पापडांची संख्या संध्याकाळी बिनचूक सांगणारी बाई तू. पण यशोदा दमली होती, रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तिनं मान हलवली आणि बरणी जागेवर ठेवली. सगळा दोष तुझ्या पदरात टाकून मी मोकळी झाले. गेलेलं माणूस उलट बोलत नाही, हे मला त्या वेळी फार सोयीचं वाटलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून ही वही घेऊन बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, तुझी सगळी पत्रं मीच लिहायची आणि आलेली मीच वाचून दाखवायची. हेही त्यातलंच एक समज.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी या घरात आले. तू थोरली जाऊ, सासूबाई नव्हत्या, म्हणजे घर तुझंच. पहिले सहा महिने मी तुला अहो-जाहो करत होते. एक दिवस भात वैरता वैरता तूच फटकारलंस, "सासूवानी अहो-अहो काय करतंस गो? मी काय म्हातारी झाले?" तेव्हापासून तू माझी 'अगं अक्का' झालीस आणि त्याच दिवसापासून आपली भांडणंही सुरू झाली. अहो म्हणून भांडता येत नाही, हे तेव्हा मला कळलं.

तुझा दमा मी आले तेव्हाही होताच. मळभ आलं की तू आधीच गप्प व्हायचीस. मग खांदे वर चढायचे, हात गुडघ्यांवर यायचे आणि बोलायचं ते दोन-दोन शब्दांत. परसात जाऊन दम उतरवायला धोतऱ्याच्या पानांची विडी ओढायचीस, भाऊजींना दिसू नये म्हणून. मला दिसायची. मी ओरडायची, "बाईमाणसानं विडी ओढायची?" आणि तू धापा टाकत टाकत हसायचीस. पुढे अलिबागच्या डॉक्टरांनी पहिली गोळी दिली. तिनं दम उतरायचा, पण तुझी छाती धडधडायची आणि हात असे कापायचे की हातातली पळी वाजायची. "ही गोळी हाय का भूत?" म्हणून तू ती टाकूनच दिलीस.

एक गोष्ट आधी लिहिते, नाहीतर रडण्याच्या नादात राहून जाईल. मी शाळेत मास्तरीण म्हणून लागायचं ठरलं तेव्हा घरात केवढं महाभारत झालं होतं! बांधावरून दोन मैल चालत, परक्या गावात, बाईमाणूस. भाऊजींनी जेवण सोडून दिलं. तू त्यांच्यापुढे ताट आदळलंस आणि म्हणालीस, "सातवी झालेली पोर घरात आणून भाकऱ्याच थापायच्या असतील तर मी काय मेले व्हय?" माझी कुंदा झाली तेव्हा तीन महिन्यांत मी परत शाळेवर गेले ते तुझ्याच जिवावर. कुंदा आधी तुला आई म्हणायला शिकली. मला त्याचा राग यायचा. आज सांगते, मला त्याचा फार राग यायचा.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुला दम्याचा एवढा मोठा अॅटॅक आला की आम्ही आशा सोडली होती. तेव्हा डॉक्टरांनी ही नवी गोळी सुरू केली. पांढरी, बारीक, कडू. रोज सकाळी खाऊन झाल्यावर दोन. त्यांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "बरं वाटलं तरी ही गोळी मनानं कमी करायची नाही, बंद तर मुळीच नाही. मला विचारून, हळूहळू." तू मोठ्यानं "व्हय" म्हणालीस. मीही मान डोलावली.

आणि काय ती गोळी! पंधरा दिवसांत तू पाण्याचा हंडा उचलायला लागलीस. महिन्याभरात तुझं तोंड भरलं. जन्मभर गाल बसलेली बाई तू, आणि एकदम गोल गरगरीत चेहरा. विहिरीवर बायका विचारायच्या, "अक्का, कुठला तांदूळ खातेस गो?" तू लाजायचीस. डॉक्टर म्हणाले होते की ही गोळीची सूज आहे, बाळसं नव्हे. मी ते तुला घरी येऊन दोनदा समजावलं. तू म्हणालीस, "तुझं डोंबल. मी बरी झाले ते तुला बघवत न्हाय." आरशासमोर कुंकू लावताना तू गालावरून हात फिरवायचीस ते मला आवडायचं, म्हणून तो वाद मी सोडून दिला.

आता आगोटीचं सांगायला हवं. आपल्या या खाडीकाठच्या खारेपाटात पावसाळा म्हणजे कोंडवाडा. बांधांवर गुडघाभर चिखल, मुंबईला जाणारी रेवसची लाँच बंद, मुंबईचं माणूस मुंबईत आणि आपण इथे. म्हणून वैशाखातच चार महिन्यांची भरती करून ठेवायची, तीच आगोट. सुकट, बोंबील, मिरची, कांदा, मीठ, लाकडं. आगोट भरावी तर तुझ्यासारखी, असं सगळं गाव म्हणायचं. नारळी पौर्णिमा आली तरी तुझ्या मडक्यांना तळ दिसायचा नाही. शेजारणी श्रावणात वाटी घेऊन दारात यायच्या आणि तू भरून द्यायचीस. या घरातून मात्र मागायला वाटी कधी बाहेर गेली नाही. तुझा सगळा ताठा तेवढाच होता आणि तो तुला शोभत होता.

म्हणून यंदा वैशाखात ह्यांनी मुंबईहून तुझ्या चार महिन्यांच्या गोळ्या आणल्या तेव्हा त्या तू कुठे ठेवणार, हे ठरलेलंच होतं. बाटलीतून काढून चिनी मातीच्या बरणीत. ओल लागू नये म्हणून भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आत. वरून फडका आणि सुतळीची तुझी ती गाठ, जी तुझ्याशिवाय कुणाला सुटायची नाही. मी म्हटलंसुद्धा, "अक्का, औषध बाटलीतच बरं." तू म्हणालीस, "घरात भरलं ती आगोट. ती कशी राखायची ते मला शिकवू नको."

आषाढात कुंदालाही तेच झालं. सात वर्षांची पोर, छातीत मांजर बसल्यासारखी घरघर, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तुला सांगायला नको, तूच तिला मांडीवर घेऊन बसली होतीस. तिसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला तशी मी तिला पाठुंगळीला घेऊन बांध पार केला आणि एसटीनं अलिबाग गाठलं. डॉक्टरांनी तीच गोळी दिली. लहान म्हणून रोज अर्धी, पावसाळा संपेपर्यंत, आणि मग ते स्वतः उतरवणार. पण औषधाच्या दुकानात नव्हती. मुंबईहून यायची आहे, पुढच्या आठवड्यात चौकशी करा, म्हणाले. पुढच्या आठवड्यात मला शाळेतून कोण सोडणार होतं, आणि त्या चिखलातून पोरीला घेऊन जाणार तरी कशी? मी रडकुंडीला येऊन परत आले.

तू ऐकून घेतलंस आणि बरणीची गाठ सोडलीस. "हायत ना घरात. माझ्यातलीच दे. तिला लागती ती कितीशी?" आणि नखानं गोळी मोडून अर्धी कुंदाच्या जिभेवर ठेवलीस. तिनं तोंड वाकडं केलं तशी वर गुळाचा खडा दिलास. चौथ्या दिवशी पोर अंगणात पागोळ्यांखाली हात धरून उभी होती. त्या दिवशी मी तुझ्या पाया पडले होते. पायांना चिखल होता, तू पाय मागे घेतलेस.

मग पत्राचं भांडण. तुला आठवतं? मी म्हटलं, "ह्यांना कार्ड टाकते. मुंबईत गोळ्या मिळतात, पार्सल करतील."

तू एकदम उसळलीस. "आगोट भरल्यावर मधीच मागवायची? बोंब होईल गावात, या घरची आगोट आषाढातच सरली म्हणून."

"अगं, गोळ्या म्हणजे सुकट नव्हे!"

"मला नको शिकवू. माझी आगोट कधी कमी पडली हाय? पडली हाय? सांग."

नव्हती पडली. मी काय सांगणार? पण अक्का, मी सगळ्या गावाची पत्रं लिहिते. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या बैलाचं दुखणं, सगळं मी लिहिते. शाळेच्या भिंतीलाच टपालपेटी टांगलेली आहे. जाता-येता रोज दोनदा तिच्यासमोरून जात होते. तुला न सांगता चार ओळी टाकल्या असत्या तर तुला कळलंही नसतं. पार्सल आल्यावर तू दोन दिवस अबोला धरला असतास, नाही तर चार. तुझे अबोले मी काय कमी पचवले होते? तरी नाही लिहिलं. तुझा मान राखला, असं मी स्वतःला सांगत होते.

लावणी सुरू झाली. सकाळी तू भाताच्या आवणात, लावणीच्या चिखलात उतरायचीस, मी शाळेला निघायची. आठ-दहा दिवसांत तुझे गाल उतरले. पुन्हा गालांची हाडं दिसायला लागली. मी मनाशी म्हटलं, लावणीची मेहनत आहे. तू दोनदा आवणातून अर्ध्यावर परत आलीस. मी म्हटलं, पाऊस आहे, गारवा आहे. तुला अन्न जाईना, उभं राहिलं की अंधारी यायची. मी म्हटलं, श्रावणी सोमवार करते आहेस ना, म्हणून. मुलांनी चुकलेलं गणित खोडून भलतंच उत्तर लिहावं तसं चाललं होतं माझं. विचारलं मात्र एकदाच, "गोळ्या घेतेस ना गं वेळेवर?" तू म्हणालीस, "घेते तर." आणि मी पुढे विचारलं नाही.

त्या दिवशी शाळेत निरोप आला तेव्हा मी फळ्यावर बेरीज घालत होते. दोन मैल मी कशी आले मला ठाऊक नाही. तू ओटीवर बसली होतीस, हात गुडघ्यांवर, ओठ जांभळे. भाऊजी तुला न्यायला, खाट उचलायला माणसं गोळा करायला गेले होते. कुंदा तुझी पाठ चोळत होती, तिला तूच शिकवलं होतंस तसं. मी बरणी आणली. तुझी गाठ सुटेना, मी दातानं तोडली. दोन गोळ्या तुझ्या तळहातावर ठेवल्या. बोलायला तुला दम नव्हता. तू त्यातली एक बाजूला सारलीस आणि एक बोट वर करून मला दाखवलंस. एकच.

मी ओरडले तुझ्यावर. शेवटचं जे तुझ्याशी बोलले ते ओरडून बोलले, "घे गपचूप दोन्ही!" तू तोंडात घातल्यास, पण पाणी आत गेलं नाही, ओघळून पदरावर आलं. खाट घेऊन माणसं बांधानं निघाली. उघाडीपाशी, जिथं शेताचं पाणी खाडीत सोडतात, तिथं भाऊजींनी खाट खाली ठेवायला सांगितली. मी मागून कुंदाचा हात धरून चालत होते. पुढे जायची गरज राहिली नाही, हे त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं.

लोक म्हणाले, दम्यानं गेली. भाऊजी म्हणाले, तेवढंच आयुष्य घेऊन आली होती. तार मिळाल्यावर हे मुंबईहून पनवेलवरून वळसा घालून आले आणि तेराव्यानंतर परत गेले. त्यांना मी कुंदाच्या गोळ्यांपुरतं सांगितलं. जाताना म्हणाले, "एक कार्ड टाकायचं होतंस." एवढंच. गेल्या गेल्या त्यांनी गोळ्यांचं पार्सल पाठवलं. पाच दिवसांत आलं, अक्का. भर पावसात, पोस्टमन चिखल तुडवत घेऊन आला. पाच दिवस.

मग मी तुझी बरणी ताटात ओतली आणि गणित मांडलं. तिसरीतल्या मुलांना सुटेल असं. तुझ्या रोज दोन, कुंदाची अर्धी. तू ठरल्याप्रमाणे घेत राहिली असतीस तर भाद्रपद अर्धा सरेपर्यंत दोघींना पुरल्या असत्या. तोवर लाँच सुरू झालीच असती. तू हात आखडायची गरजच नव्हती. तुला तळ दिसू द्यायचा नव्हता, एवढंच. आणि मला गणित येत होतं, पण बरणी तुझी होती म्हणून मी मांडलं नाही.

कुंदाला दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना तुझं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्यांनी गोळ्या कमी केल्या होत्या का?" मी म्हटलं, "असेल." ते म्हणाले की रोज घेतल्यावर अंगाला त्या गोळीचा आधार लागतो, तो असा मनानं काढून घेतला की दमा दुप्पट उसळतो आणि अंगात सोसायची ताकद उरत नाही. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कुंदाची पाठ तपासून मला म्हणाले, "हिचा एकही दिवस चुकवू नका." चुकवत नाही. रोज सकाळी मी गोळी मोडते, ती तोंड वाकडं करते आणि विचारते, "अक्काआई कधी येणार?" मी तिला शाळेची घाई आहे म्हणून सांगते.

काल यशोदा सासरी गेली. तिला एसटीपर्यंत पोचवायला मी बांधावरून निघाले. घरी भिंतींना कान असतात, तिथं कुणी नव्हतं. मी तिला सांगितलं. तू विसरली नव्हतीस, तू मुद्दाम कमी घेत होतीस, माझ्या पोरीला पुराव्या म्हणून. पत्राचं सांगितलं. गाल उतरलेले दिसत होते तेही सांगितलं. ती चालत राहिली. रस्त्यावर आल्यावर तिनं पाय धुतले, चपला घातल्या आणि म्हणाली, "आये तशीच होती, काकी. ती कुणाचं ऐकणारी नव्हतीच. पण तू शिकलेली. तू मास्तरीण." एसटी आली. तिनं खिडकीतून हात केला नाही. तिचं काही चुकलं नाही.

एक मात्र तिलाही सांगता आलं नाही. ते तुझ्याजवळच बोलायचं होतं. आषाढातली सकाळ होती, कुंदा नुकतीच शांत झोपायला लागली होती. मी छत्री शोधत माजघराच्या दारात आले तर तू पाठमोरी होतीस. बरणीतून दोन गोळ्या काढल्यास आणि एक परत टाकलीस. उरलेली नखानं मोडलीस, अर्धी गिळलीस आणि अर्धी बरणीत टाकून गाठ मारलीस. मी हाक मारायला हवी होती. तोंड उघडलंही होतं. मग माझ्या मनात आलं, दीड गोळी वाचली, म्हणजे कुंदाचे तीन दिवस झाले. मी पाय न वाजवता मागे फिरले. अक्का, मला हायसं वाटलं होतं.